ओल्या वर्षानंतरचे बेणे

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन आणि कोरड्या विहिरी येतात. परंतु शेतकऱ्याच्या बोलीत आणखी एक दुष्काळ आहे, तो म्हणजे ओला दुष्काळ. झड लागते ती उघडत नाही, रानात वाफसा येत नाही आणि काढणीला आलेले पीक उभ्या उभ्या कुजते. कोरडे वर्ष सरले की शेतकऱ्यापुढचा प्रश्न कठीण असला तरी साधा असतो : यंदा पाऊस येईल का? ओल्या वर्षानंतरचा प्रश्न अधिक अवघड असतो. गेल्या वर्षीचे नुकसान नुसत्या पाण्याने झाले, की पाण्याबरोबर आणखी काही आले? पाणी तर ओसरले. ते ‘आणखी काही’ रानात, बियाण्यात शिल्लक आहे का? पुढच्या हंगामात काय लावायचे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

हा प्रश्न एकदा एका अख्ख्या देशासमोर लागोपाठ तीन वर्षे उभा राहिला. तो देश आयर्लंड, आणि ती वर्षे १८४६ ते १८४८. पाठ्यपुस्तकात ही हकीकत एका ओळीत संपते : बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ झाला. आम्ही वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करणारी माणसेसुद्धा विद्यार्थ्यांना रोगाचे नाव आणि सन सांगून पुढे जातो. या लेखात आपण ती हकीकत जरा वेगळ्या जागेवरून पाहणार आहोत. रोग पडला ते उन्हाळे बाजूला ठेवून त्यांच्या मधले वसंत पाहू. आयर्लंडमध्ये बटाट्याची लागवड वसंतात होते. दर वसंतात शेतकऱ्याने काय ठरवले, आणि तसेच का ठरवले?

बटाट्यावर उभा देश

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास माणसे जवळजवळ बटाट्यावरच जगत. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. जोडीला असलेच तर ताक. मजुरीच्या बदल्यात एक झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळालेला शेतमजूर, किंवा एका हंगामापुरता तुकडा खंडाने घेणारा कुणबी, अशा माणसांचा हा देश होता. एकरभर बटाट्यावर एक कुटुंब वर्षाचा बराच काळ निभावून नेई. तेवढ्याच जमिनीत ओट पेरला तर साधारण निम्मीच माणसे पोसली जात. शिवाय ओट हे घरी खाण्याचे पीक नव्हते. तो विकून खंड भरायचा असे. ओट खाल्ला तर खंड थकणार, आणि खंड थकला तर जमिनीवरून हकालपट्टी होणार.

ओल्या हवेशी आयरिश शेतकऱ्याची ओळख जुनी होती. तिथे पाऊस नेहमीचाच. म्हणून तो बटाटा सपाट रानात न लावता उंच वाफ्यांवर लावी. दोन वाफ्यांमध्ये खोल चर ठेवी, म्हणजे पाण्याचा निचरा होई. दलदलीच्या, डोंगराळ जमिनीतही या पद्धतीने पीक येई. त्यामुळे ‘अडाणी शेतकऱ्यांना ओलाव्याचे भान नव्हते’ असे जे कधीकधी लिहिले जाते, ते खरे नाही. ओलाव्याचा बंदोबस्त त्यांनी पिढ्यान्पिढ्या केलेला होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात येण्याजोगी नव्हती. बटाटा बियांपासून लावत नाहीत. बटाट्याचेच तुकडे, डोळे राखून, बेणे म्हणून लावतात. म्हणजे एका जातीची सगळी झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती असतात. १८४० च्या सुमारास गरिबांच्या रानात ‘लंपर’ नावाची एकच जात मोठ्या प्रमाणावर पसरली होती. चवीला बेताची, पण हलक्या जमिनीतही भरपूर येणारी. लंपरचे एक झाड ज्या रोगाला बळी पडेल, त्याला सगळीच बळी पडणार होती.

१८४५ : काळे पडलेले मळे

हा रोग १८४३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसला होता. १८४५ च्या जूनअखेर तो बेल्जियममध्ये आढळला. त्या वर्षीचा जुलै सुरुवातीला उबदार होता. मग आठवडेच्या आठवडे थंड, ढगाळ आणि पावसाळी गेले. रोग हॉलंड, फ्रान्स, इंग्लंड असा पसरत गेला. १३ सप्टेंबरला ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकाने डब्लिनच्या आसपासचे मळे एकाएकी नष्ट होत असल्याची बातमी छापली.

रोगाची लक्षणे साधी होती. पानांच्या कडेला तपकिरी-काळे डाग, खालच्या बाजूला पांढरट लव, आणि पाहता पाहता सारा पाला करपून काळा. मळ्यांवरून कुजका वास येई. ज्यांनी घाईने बटाटे काढून घेतले त्यांनाही दिलासा मिळाला नाही. आपल्याकडे खेड-मंचर भागात बटाट्याची आरण लावतात, तसे तिथेही बटाटे खड्ड्यात मातीखाली साठवत. काढताना चांगले दिसलेले बटाटे काही आठवड्यांनी उघडून पाहिले, तर कित्येक ठिकाणी नुसता लगदा निघाला.

त्या वर्षी आयर्लंडच्या पिकाचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. बेल्जियमचे नुकसान याहून मोठे होते. तिथे पाचातले चार हिस्से पीक बुडाले. परंतु बेल्जियममध्ये लागवडीच्या जमिनीचा सातवा हिस्सा बटाट्याखाली होता, तर आयर्लंडमध्ये सुमारे तिसरा. बेल्जियममध्येही माणसे मेली, पण आयर्लंडइतका संहार झाला नाही. रोग तोच होता. त्याच्यावर किती जणांचे पोट अवलंबून होते, एवढा फरक होता.

पाऊस की बुरशी?

ब्रिटिश पंतप्रधान पील यांनी ऑक्टोबर १८४५ मध्ये शास्त्रज्ञांचे एक मंडळ नेमले. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली, रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर आणि आयर्लंडचेच रॉबर्ट केन होते. लिंडली त्या काळातील मोठे नाव. त्यांचे म्हणणे असे : गार आणि सूर्यप्रकाश नसलेल्या हवेत झाडांनी वाजवीपेक्षा जास्त पाणी शोषले, ते पानांवाटे बाहेर टाकता आले नाही, त्यामुळे झाडे आतून कुजली. पानांवरची पांढरी बुरशी? ती कुजल्यानंतर आलेली. कुजक्या लाकडावर अळंबी उगवते, तशी. मंडळाने सल्ला दिला तोही याच विचाराला धरून : बटाटे कोरडे ठेवा, खड्ड्यात हवा खेळती ठेवा.

याच्या उलट मत मांडले इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशरचे पाद्री माइल्स जोसेफ बर्कली यांनी. बुरशींचा अभ्यास हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर बुरशी अजून न कुजलेल्या, जिवंत पानातही आढळली. म्हणजे बुरशी आधी, कुजणे नंतर. फ्रान्समध्ये कामीय मोंतान्य यांनी याच बुरशीचे वर्णन करून तिला नाव दिले होते. बर्कलींचा निबंध १८४६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला, तोही लिंडली ज्या उद्यानविद्या संस्थेचे पदाधिकारी होते, तिच्याच नियतकालिकात. मतभेद असूनही छापले गेले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

बहुसंख्य विद्वानांना मात्र बर्कलींचे म्हणणे पटले नाही. सूक्ष्म जीवामुळे रोग होतो हा विचारच तेव्हा रुळलेला नव्हता. पाश्चरचे काम अजून पुढे व्हायचे होते. आगगाड्यांमुळे हवेत वीज वाढली म्हणून बटाटे कुजले, असे सांगणारेही त्या वेळी होते. त्या गर्दीत लिंडलींचे मत सर्वांत समंजस वाटणारे होते. पाऊस तर सर्वांनी पाहिला होता.

हा वाद वरवर पाहता पंडितांचा वाटतो. पण पेरणीच्या दृष्टीने त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. लिंडली बरोबर असतील, तर संकट हवामानाचे होते आणि ते हवामानाबरोबर गेले. सलग दोन वर्षे तसलीच हवा पडण्याची शक्यता कमी. तेव्हा नेहमीसारखा बटाटा लावावा. बर्कली बरोबर असतील, तर संकट गेलेले नाही. ते बेण्याच्या आत बसून पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्याच हाताने रानात जाणार आहे.

तीन वसंत

पहिला वसंत, १८४६. शेतकऱ्याने उरलेल्या बटाट्यांतून बेणे राखले आणि लावले. लागवड सुमारे २५ लाख एकरांवरून २० लाख एकरांवर आली, म्हणजे पाचव्या हिश्श्याने घटली. एवढे मोठे संकट येऊन गेल्यावर घट एवढीच का, असे आपल्याला वाटेल. पण त्याच्या जागी उभे राहून पाहा. जाणते लोक सांगत होते की दोष हवेचा. जमीन दीड-दोन एकर. दुसरे कोणतेही पीक तेवढ्या जमिनीत कुटुंब जगवू शकत नव्हते. त्याने जे केले ते त्याच्या माहितीला आणि परिस्थितीला धरूनच होते.

त्या उन्हाळ्यात रोग लवकर आला. फादर थिओबाल्ड मॅथ्यू हे धर्मगुरू २७ जुलैला कॉर्कहून डब्लिनला गेले, तेव्हा वाटेत बटाट्याचे मळे फुलून आले होते. ३ ऑगस्टला ते परतले, तर सारे मळे कुजून गेलेले. एका आठवड्याचे अंतर. वर्षभराचे तीन-चतुर्थांशाहून अधिक पीक गेले.

दुसरा वसंत, १८४७. या वेळी निवड करायला हातात काहीच नव्हते. एक एकर बटाट्याला बेणे किती लागते? आपल्याकडे एकरी सहा ते आठ क्विंटल लागते. तिथेही मोठा साठाच लागे. तो साठा हिवाळ्यात खाल्ला गेला होता. भुकेल्या लेकरांसमोर बेण्याचे टोपले झाकून ठेवणे कोणाला जमणार? शिवाय मार्च १८४७ मध्ये सरकारच्या रस्त्याच्या कामांवर सात लाखांहून अधिक माणसे खडी फोडत होती. मजुरी मिळायची ती तिथेच; मग रान कोण कसणार? क्वेकर पंथाच्या लोकांनी सलगम आणि इतर भाज्यांचे बी वाटले, कारण त्याची छोटी पुडीही बरीच जमीन भरू शकते, आणि भुकेला माणूस ते खाऊन टाकत नाही. हा विचार शहाणपणाचा होता, पण गरजेच्या मानाने तो थेंबभरच ठरला.

बटाट्याची लागवड त्या वर्षी पावणेतीन लाख एकरांच्या थोडी वर, म्हणजे १८४५ च्या नवव्या हिश्श्यावर आली. उन्हाळा मात्र कोरडा, उबदार गेला. रोग फारसा आलाच नाही. एकरी सात टनांहून अधिक पीक आले.

तिसरा वसंत, १८४८. आमच्या मते या साऱ्या हकीकतीतला सर्वांत विचार करण्याजोगा क्षण हाच. शेतकऱ्यांनी पाहिले होते की १८४७ चा बटाटा निरोगी निघाला. रोग गेला, असा विश्वास बसला. मिळेल ते विकून लोकांनी बेणे घेतले आणि लागवड जवळजवळ तिप्पट, सुमारे आठ लाख एकर केली. उन्हाळा ओला गेला. रोग परतला आणि एकरी पीक जवळजवळ निम्म्यावर आले.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. पण ठेच कशाला लागली हे न कळले, तर मागचाही तिथेच अडखळतो. १८४७ च्या चांगल्या पिकाचे कारण ‘रोग संपला’ हे नव्हते. हवा कोरडी होती आणि मळे विरळ होते, म्हणून रोगाला पसरता आले नाही. तो होताच. एका वर्षाचा अनुभव दोन-तीन वेगळ्या कारणांनी सारखाच दिसू शकतो, आणि कोणते कारण खरे हे तो अनुभव स्वतः सांगत नाही.

आता हे आकडे फळ्यावर मांडावेत. (१८४७ पासून आयर्लंडमध्ये पोलिसांकरवी दरवर्षी पिकांची मोजदाद होऊ लागली, त्याआधीचे आकडे नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज आहेत. सर्व आकडे ठोकळमानाने घेतले आहेत.)

१८४५ : लागवड २५ लाख एकर, एकरी ४ टन
१८४६ : लागवड २० लाख एकर, एकरी दीड टन
१८४७ : लागवड २.८ लाख एकर, एकरी ७.२ टन
१८४८ : लागवड ८ लाख एकर, एकरी ३.८ टन

विद्यार्थ्यांना आधी विचारावे : यांतले सर्वांत चांगले वर्ष कोणते? बहुतेक जण १८४७ म्हणतील. मग गुणाकार करायला सांगावा. एकूण उत्पादन अनुक्रमे सुमारे १०० लाख, ३० लाख, २० लाख आणि ३० लाख टन येते. सर्वांत चांगला उतारा असलेल्या वर्षी सर्वांत कमी बटाटा निघाला. आयर्लंडमध्ये ते साल आजही ‘काळे सत्तेचाळीस’ म्हणून ओळखले जाते. पिकाची बातमी वाचताना एकरी उतारा आणि लागवडीचे क्षेत्र या दोन्ही गोष्टी का पाहाव्या लागतात, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

सारा दोष बुरशीचा होता असेही नाही. १८४७ मध्ये आयर्लंडमध्ये आलेले धान्य बाहेर गेलेल्या धान्यापेक्षा जास्त होते, पण ते विकत घ्यायला लोकांजवळ पैसा नव्हता. त्या उन्हाळ्यात सरकारी रांध्यांतून दिवसाला ३० लाख माणसांना कांजी मिळू लागली, पण ती शरद ऋतूत बंद केली. त्याच वर्षीच्या कायद्याने पाव एकराहून जास्त जमीन धरणाऱ्याला सरकारी मदत नाकारली. म्हणजे आज जगायचे तर जमीन सोडा, आणि जमीन सोडली की पुढच्या हंगामात काय लावायचे हा प्रश्नच उरत नाही. त्याच सुमारास सरकारने गावोगाव कृषी-शिक्षक पाठवले. ते सांगत : फेरपालट करा, सलगम लावा, निचरा सुधारा. सल्ला शास्त्रीय होता. पण सलगमला खत हवे, खताला गुरे हवीत, आणि पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री हवी. यांतले काहीच नसलेल्या माणसाला तो सल्ला कितीसा उपयोगी पडणार?

१८५१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६५ लाख भरली. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी दगावली होती, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली होती.

थंड पाण्याचा थेंब

बर्कलींचे म्हणणे निर्विवादपणे सिद्ध केले ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बेरी यांनी, १८६१ मध्ये. निरोगी झाडांवर बुरशीचे बीजाणू सोडले की रोग होतो आणि न सोडलेली झाडे तशाच ओल्या हवेत निरोगी राहतात, हे त्यांनी दाखवले. पुढे १८७६ मध्ये त्यांनी तिला ‘फायटॉप्थोरा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा नाश करणारी. आपल्याकडचे शेतकरी या रोगाला उशिरा येणारा करपा म्हणतात. आजच्या वर्गीकरणानुसार ही खरी बुरशी नाही. तिचे जवळचे नाते समुद्रातील तपकिरी शैवालांशी आहे. सोयीसाठी आपण बुरशीच म्हणू.

हिचे जीवनचक्र पाहिले की लिंडली अर्धे बरोबर का होते हे उमगते. रोगट पानाच्या खालची पांढरी लव प्रयोगशाळेत थंड पाण्याच्या थेंबात ठेवली, तर तास-दोन तासांत तिच्यातील लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि प्रत्येकीतून काही बीजाणू बाहेर पडून चक्क पोहू लागतात. अनेकदा पाहूनही आम्हाला त्याचे नवल वाटते. पानावर पाण्याचा थर नसेल तर त्यांना पोहता येत नाही आणि रोग लागत नाही. हवा थंड आणि पान ओले असेल, तर आठवड्याच्या आत एका डागातून हजारो नव्या पिशव्या तयार होऊन वाऱ्याने पुढच्या मळ्यात जातात. पावसाच्या पाण्याबरोबर त्या मातीतही उतरतात आणि जमिनीखालचा बटाटा गाठतात. त्यातल्या काही बटाट्यांत बुरशी हिवाळाभर टिकून राहते. असा एखादा बटाटा बेण्यात गेला, किंवा बांधाला फेकलेल्या ढिगात कोंब धरून वर आला, की पुढच्या वर्षीची सुरुवात झाली.

तेव्हा पाऊस हे कारण खरे होते, पण पुरते नव्हते. आयर्लंडने यापूर्वी ओली वर्षे पुष्कळ पाहिली होती. बुरशी नव्हती तेव्हा असा संहार झाला नव्हता. उलट १८४७ मध्ये बुरशी होती, पण ओल नव्हती. दोन्ही एकत्र आल्यावरच अनर्थ झाला. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातील वाळक्या पानांतून या बुरशीचा डीएनए काढून २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तो वाचला. त्या साथीचा वंश आज जगभर आढळणाऱ्या वंशांहून वेगळा असल्याचे त्यात दिसले.

ओलाव्याचे माप

ज्ञान मिळाले म्हणजे लगेच उपाय मिळतो असे नाही. करप्यावर पहिला भरवशाचा उपाय आला तो द्राक्षांच्या मळ्यातून. फ्रान्समधील बोर्दो भागात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडत. त्या वेली रोगातून बचावल्या, हे पिएर मिलार्दे यांनी १८८२ मध्ये हेरले आणि १८८५ मध्ये प्रयोगांसह प्रसिद्ध केले. हेच आपले बोर्डो मिश्रण. नाशिकचे बागाईतदार द्राक्षावरील ज्या रोगाला डावणी म्हणतात, तो याच गटातल्या जीवामुळे होतो. विदर्भ-मराठवाड्यातील संत्रा-मोसंबीचा डिंक्या आणि कोकण-गोव्यातील सुपारीचा कोळेरोग हे तर फायटॉप्थोराच्याच भाऊबंदांचे काम. पावसाळ्यापूर्वी संत्र्याच्या बुंध्याला निळसर बोर्डो मलम लावलेले आपण पाहिले असेल. त्याच्यामागे एवढा लांबचा इतिहास आहे.

दुसरा उपाय आला तो हवामानशास्त्रातून. फवारणी सतत करणे महाग. मग ती कधी करायची? ऑस्टिन बर्क हे आयर्लंडच्या हवामान खात्यातील शास्त्रज्ञ. त्यांनी १९५३ मध्ये नियम मांडला : तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, असे सलग १२ तास गेले आणि त्यानंतरही पाने चार तास ओली राहिली, तर करप्याचा धोका सुरू झाला असे समजावे. ‘ओली हवा वाईट’ या जुन्या समजुतीतील ‘ओली’ म्हणजे नेमकी किती, हे त्यांनी तासांत आणि अंशांत सांगितले. या नियमाच्या आधारे आयर्लंडचे हवामान खाते शेतकऱ्यांना आजही करप्याचे इशारे देते. विशेष म्हणजे, दुष्काळकाळातील बटाट्याच्या क्षेत्राचा आणि उताऱ्याचा बारकाईने अभ्यास केला तो याच बर्क यांनी. वर दिलेल्या कोष्टकाचा पाया त्यांच्याच कामात आहे.

आपल्या शिवारात

आपल्याकडे ओले वर्ष संपले की विहिरी तुडुंब असतात आणि मन उसापासून गव्हापर्यंत सगळ्यांकडे धावते. ते स्वाभाविकही आहे. पण ओलीने मागे काय ठेवले, याकडे लक्ष जायला उशीर होतो. २०१९ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात पाऊस लांबला आणि काढणीला आलेले सोयाबीन अनेक ठिकाणी भिजले. शेंगेतच दाण्यांना मोड आले. नुकसान झाले ते त्याच वेळी सर्वांना दिसले. न दिसलेले नुकसान २०२० च्या जूनमध्ये वर आले. पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. भिजून वाळलेल्या दाण्याचा रंग बरा दिसतो, पण आतला अंकुर दुबळा झालेला असतो. दुबार पेरणीचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, त्यांचा हंगाम तिथेच गेला.

येथे रोग नव्हता. प्रश्न मात्र १८४६ च्या वसंतातलाच होता : गेल्या वर्षीचा पाऊस बियाण्यात काय ठेवून गेला? फरक इतकाच की या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पेरणीपूर्वी, घरच्या घरी मिळू शकते.

वर्गात हा प्रयोग मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी करता येईल. मुलांनी घरून राखून ठेवलेल्या बियाण्याच्या निरनिराळ्या पोत्यांतून थोडे थोडे दाणे आणावेत आणि मिसळून सरसकट १०० मोजावेत. चांगले निवडून घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर ते ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, ओल टिकवावी. पाच ते सात दिवसांनी गुंडाळी उघडून धड अंकुर आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे ७० किंवा अधिक उगवले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो पुरे. ६० उगवले तर त्रैराशिकाने किती किलो लागेल, हे मुलांनाच काढू द्यावे. उत्तर ३५ येईल. फारच कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये, आणि हे जूनच्या आधी कळलेले बरे.

हिशेब झाला की मुलांना आणखी एक काम द्यावे. घरी आजोबांना किंवा आईला विचारायचे : आठवणीतल्या एखाद्या ओल्या वर्षानंतर आपण काय लावले होते, आणि तेच का लावले? उत्तरात बी कोठून आले, पैसा कोणाकडून आला, जमीन कोणाची होती, हे सारे येईल. ते सगळे वहीत उतरवून घ्यावे. १८४८ च्या वसंतातील आयरिश शेतकऱ्याला हाच प्रश्न विचारला असता, तर त्याने सांगितलेली कारणेही फारशी वेगळी निघाली नसती.